चालू पड

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कसलीही यादी लागली की गावातून पहिली हाक शेषराव गुरुजींना जायची. लोकांना वाचता येत नव्हतं असं नाही. निम्म्या गावाला तर गुरुजींनीच बाराखडी शिकवली होती. पण आपलं नाव आपण वाचण्यापेक्षा गुरुजींच्या तोंडून ऐकलं की लोकांना बरं वाटायचं. "शाळेतली हजेरी आठवते, गुरुजी," गजेंद्र म्हणायचा. "तुमी नाव घेतलं की आपसूक 'हजर' निंघते तोंडातून."

त्या दिवशीही गुरुजी चष्मा पुसून भिंतीपुढे उभे राहिले. यादी अतिवृष्टीच्या मदतीची होती. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी पेढी नदीला पूर आला होता आणि काठावरची वावरं एका रात्रीत धुऊन निघाली होती. पंचनामे झाले, महिना उलटला, आणि सरकारची मदत कोणाला मिळणार ते आता या तीन कागदांवर छापून आलं होतं. नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र. गुरुजी वाचत गेले. ज्याचं नाव येईल तो हुंकार भरायचा, एखादा मुद्दाम "हजर, गुरुजी" म्हणून हशा पिकवायचा.

पंजाबराव मोहोड सगळ्यांच्या मागे काठी टेकून उभे होते. सत्तरीला आलेला, उंच, हाडापेराचा माणूस. त्यांचं तीन एकर वावर गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला, नदीला लागून. पूर पहिल्यांदा त्यांच्या वावरात शिरला आणि निघाला तोही तिथूनच, सगळ्यात शेवटी. म्हणून त्यांचं नाव पहिल्याच कागदावर असणार हे साऱ्यांनी धरून ठेवलं होतं.

ते तिसऱ्या कागदावर निघालं. त्या कागदाच्या माथ्यावर 'अपात्र' असं छापलेलं होतं.

"पंजाबराव सखाराम मोहोड," गुरुजी वाचून गेले, आणि हजेरीच्या सवयीने पुढचे रकानेही वाचून गेले. "गट नंबर एकशे बारा. चालू पड."

मग ते थांबले. 'पड' म्हणजे न पेरता तसंच सोडून दिलेलं रान. 'चालू पड' म्हणजे या हंगामापुरतं सोडलेलं. रानात काही पेरलंच नाही, तर बुडालं काय आणि भरपाई कशाची?

"काय म्हणलं, गुरुजी?" मागून आवाज आला. माणसं बाजूला झाली. पंजाबराव काठी टेकत पुढे आले. "पुन्ना वाचा बरं."

गुरुजींनी पुन्हा वाचलं, या वेळी हळू.

"माह्या वावराले पड म्हणते?" पंजाबराव भिंतीकडे बघत म्हणाले. जणू ती भिंतच बोलली होती. "पन्नास वर्सं झाले, एक तास रिकामं नाई ठेवलं म्या. बाप गेला त्या साली तेरवीच्या आंधी पेरून घेतलं. आन् पड?"

वावरातली एक ओळ, एक तास, तेही कधी रिकामं न सोडणारा माणूस म्हणून पंजाबरावांची पंचक्रोशीत ख्याती होती. तण काढायच्या, डवरणीच्या वेळी त्यांच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडांचं, तास पाहायला बोट दाखवून पोरांना नेलं जायचं, इतकं ते सरळ असायचं.

"पाहणी कोणं भरली होती, आबाजी?" गजेंद्रने विचारलं. त्याचं वावर पंजाबरावांच्या बांधाला लागून, धुऱ्याला धुरा होतं. उत्तराची वाट न बघता तोच पुढे म्हणाला, "गीतांजलीनं ना? घ्या! गुरुजीच्या इंजिनिअर पोट्टीनं आजाचंच वावर पडीत पाडलं."

दोघं-चौघं हसले आणि लगेच गप्पही झाले. पंजाबराव घराकडे वळले होते.

गजेंद्र 'गुरुजीची इंजिनिअर' म्हणाला ते उगाच नाही. कोणत्या वावरात काय पेरलं, हे आता शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून मोबाइलमध्ये भरायचं असतं. त्याला पीक पाहणी म्हणतात. तिथं जे भरलं तेच सातबाऱ्यावर चढतं, आणि सातबाऱ्यावर जे चढलं त्यावर पुढचं सगळं. गावातली म्हातारी माणसं त्या मोबाइलला विंचवासारखी भीत. गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण शिकवायची खाज गेली नव्हती. त्यांनी आठवी-नववीची पोरं गोळा केली, आषाढापासून दर रविवारी मारुतीच्या पारावर वर्ग भरवला आणि पाहणी कशी भरायची ते शिकवलं. पोरांनी सत्तर वावरं भरली. त्यातली चाळीस एकट्या गीतांजलीची.

गीतांजली म्हणजे पंजाबरावांची नात, आठवीतली. आईबाप अकोल्याला भाजीची गाडी लावतात, पोरगी इथं आजी-आबांजवळ असते. साऱ्या गावाची वावरं भरून झाली, तिच्या घरचं तेवढं राहिलं. "घरचं काय, केव्हाही होते," असं म्हणत ते मागे पडलं आणि मधेच पूर आला. मुदत संपायच्या दिवशी, पूर ओसरून आठवडा झाल्यावर, ती आबांबरोबर चिखल तुडवत वावरात गेली आणि नोंद करून आली. ती नोंद आता भिंतीवर लागली होती.

*

संध्याकाळी गुरुजी पंजाबरावांकडे गेले. पंजाबराव ओट्यावर बसले होते, त्यांनी फक्त मान हलवली. सुभद्राबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"गीता कुठे आहे?"

"मंधात हाये. दुपारून जेवली नाई." सुभद्राबाई दारातच बसल्या. "गुरुजी, मले एक सांगा. हे कागदावरचं पुसता येते का नाई? मले पैशाची हाव नाई. पन वावर पाहून या तुमी. एका अंगाले मांडीइतका गाळ बसला, आन् दुसऱ्या अंगाची काळी माती सारी खरडून नेली नदीनं. खाली मुरूम उघडा पडला. ट्रॅक्टर लावून सपाट केलं, माती टाकली, त दिवाळीपोतर हरबरा पेरता येते. ओल हाये तोवरच. पुढं काय, इहिरीचं पानी असं खारट, की त्याच्यावर गवतबी जगत नाई."

ते गुरुजींना ठाऊक होतं. या पट्ट्यात विहिरीला पाणी असून नसल्यासारखं. जमिनीतली ओल संपली की हंगाम संपला.

"मदत आली त वावर दुरुस्त होते," सुभद्राबाई म्हणाल्या. "नाई आली, त जे कागदावर लिवलं ते खरंच होते. वावर पड राह्यते."

ओट्यावरून पंजाबरावांचा खाकरण्याचा आवाज आला. त्यांना ऐकू येत होतं.

गीतांजली दाराआड येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. गुरुजींनी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माह्याच हातून चुकलं, गुरुजी." आणि आत निघून गेली.

पुढच्या रविवारी पारावर सगळी पोरं आली, ती आली नाही. कोणीतरी सांगितलं, की शाळेतही तिला "पड मॅडम" म्हणून चिडवतात.

*

हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. सोमवारी गुरुजी, पंजाबराव आणि गीतांजली तलाठी कार्यालयात गेले. आता त्या पदाचं नाव बदललं आहे, पण लोक तलाठीच म्हणतात. तलाठी रागिणी मॅडम वयाने लहान होत्या, अकोल्याकडच्या. तीन गावं त्यांच्याकडे होती आणि बाहेरच्या बाकावर त्या तिन्ही गावांतली माणसं बसली होती.

त्यांनी संगणकावर गट उघडून बघितला. "पंचनाम्यात तुमचं नाव होतं, बाबा. मीच लिहिलं होतं. पण सातबाऱ्यावर पीक चढलं नाही, पड चढलं. यादी जुळवताना तुम्ही बाजूला पडलात. नोंद चुकली तर अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करता येते, तेव्हा कोणी का नाही केली?"

"कोनाले मालूम, मॅडम?" पंजाबराव म्हणाले. "मी त समजलो, कापूस भरला पोरीनं."

"आता अर्ज करा. मी जागेवर येऊन बघते. तिथं पीक होतं याची खूण सापडली पाहिजे, आणि शेजाऱ्याची सही." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. "इथं कारण लिहा. लिहा, अल्पवयीन नातीने अज्ञानातून चुकीची नोंद केली. सगळे असंच लिहितात."

पंजाबरावांनी पेन हातात घेतलं आणि नातीकडे बघितलं.

"लिहा ना, आबा," गीतांजली म्हणाली. "खरंच हाये ते."

"थांबा," गुरुजी म्हणाले. "अज्ञान कसं म्हणता? चाळीस वावरं भरली हिनं. तूर कुठली, उडीद कुठला, पट्टा किती तासांचा, एक नोंद चुकली नाही. मग एक्केचाळिसाव्या वावरात असं काय झालं?"

गीतांजली खाली बघत राहिली. मग तिने एकदाच, ओझरतं, आबांकडे बघितलं. गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले होते. ते बघणं त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"गुरुजी, बाहेर माणसं उभी आहेत," रागिणी मॅडम म्हणाल्या.

"उद्या आणतो अर्ज," म्हणून गुरुजी उठले.

*

येताना वलगावच्या फाट्यावर ऑटोची वाट बघत बसावं लागलं. पंजाबराव तंबाखू घ्यायला टपरीकडे गेले. गुरुजी आणि गीतांजली कडुनिंबाखाली दगडावर बसली.

गणित चुकलं तर ते पुसायचं नाही, हा गुरुजींचा वर्गातला नियम होता. पहिल्या पायरीपासून मोठ्याने वाचायचं. जिथं जीभ अडखळेल तिथंच चूक बसलेली असते.

"गीता, त्या दिवशीचं वाच बरं पहिल्या पायरीपासून. रागवायचं नाही, रडायचं नाही. फक्त वाचायचं."

गीतांजलीने चपलेने माती उकरली. मग म्हणाली, "वावरात गेलो. सारा चिखल होता. म्या मोबाइल काढला. नंबर टाकला. खातं निवडलं. गट नंबर एकशे बारा."

"बरोबर."

"मंग पीक निवडा असं आलं. म्या आबाले विचारलं, काय भरू?"

"मग?"

"मंग म्या भरलं."

"एक पायरी गळली, बेटा," गुरुजी म्हणाले. "तू विचारलंस. आबा काय म्हणाले?"

तिने टपरीकडे बघितलं. पंजाबराव पाठमोरे उभे होते.

"आबा धुऱ्यावर बसले होते. रडून राहिले होते, गुरुजी. म्या आबाले कधी रडतानी पाह्यलं नव्हतं. म्या विचारलं, त म्हणे, पडलं वं बाई, सारं पडलं. म्या म्हणलं, पड भरू का? त म्हणे, भर. हात असा केला फक्त." तिने हात झटकल्यासारखा केला. "पुन्ना कसं विचारू मी?"

पऱ्हाटी पडली होती आणि म्हातारा तेच सांगत होता. पोरीच्या हातातल्या मोबाइलमध्ये त्याच दोन अक्षरांचा दुसराच अर्थ होता.

"घरी सांगितलं का हे?"

"नाई. आन् तुमीबी नका सांगू. आबाले त आठवतबी नाई. त्याईले सांगतलं, त त्याईले वाटीन त्याईच्याच तोंडानं गेलं वावर." तिने ओढणीने नाक पुसलं. "पन म्या नुसतं ऐकून नाई भरलं, गुरुजी. वहीबी पाहून घेतली. वही होती माह्याजोळ."

"कोणती वही?"

तिने दप्तरातून वही काढली. आषाढातल्या रविवारच्या वर्गाची. चिखलाचे डाग पडलेलं एक पान तिने उघडून गुरुजींच्या मांडीवर ठेवलं. तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'व्याख्या. ज्या शेतात पीक उभे नसते, त्यास पड म्हणतात.' खाली लाल शाईत बरोबरची खूण होती, आणि 'छान' असं लिहून गुरुजींची सही.

गुरुजींनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांचंच वाक्य होतं. पारावर उन्हात उभं राहून त्यांनी ते सांगितलं होतं, एका दमात. पोरांनी लिहून घेतलं होतं आणि त्यांना स्वतःलाही ते आवडलं होतं, कारण ते लहान होतं आणि तोंडात बसणारं होतं. व्याख्या पाठ झाली की अर्धा धडा पाठ झाला, असं ते नेहमी सांगत. पीक उभं नसतं ते पड! पीक उभं होतं आणि आडवं झालं, तर? पेरलं आहे आणि अजून उगवलं नाही, तर? एका मास्तराला हे सुचू नये?

पंजाबराव तंबाखू मळत येत होते. गुरुजींनी वही मिटली.

"ही वही माझ्याजवळ राहू दे," ते म्हणाले. "बाकीचं तुझं तुझ्याजवळ."

*

दुसऱ्या दिवशी अर्जावरच्या 'कारण' या जागेत गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'नोंद करणाऱ्या विद्यार्थिनीस पड या शब्दाची व्याख्या मी चुकीची शिकवली होती. तिने शिकवल्याप्रमाणेच नोंद केली. चूक शिकवणाऱ्याची आहे.' खाली पूर्ण नाव, निवृत्त मुख्याध्यापक, सही. सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली.

"कायले अंगावर घेता, गुरुजी?" पंजाबराव संकोचून म्हणाले. "लेकराची चूक लेकराच्या नावानं गेली असती. कोन पाह्यते?"

"माझंच आहे ते, पंजाबराव. घेतो कुठे? ठेवून देतो जिथलं तिथं."

रागिणी मॅडमनी कागद वाचला, झेरॉक्स बघितली, लाल 'छान' वर त्यांची नजर थांबली. "गुरुजी, असं कोनी लिहत नाई," त्या म्हणाल्या. कचेरीतली भाषा त्यांच्या तोंडून सुटून गेली होती. मग सावरून म्हणाल्या, "गुरुवारी येते मी वावरात."

गुरुवारी त्या आल्या. पंजाबराव, सुभद्राबाई, गीतांजली, गुरुजी आणि शेजारचा म्हणून गजेंद्र, सगळे धुऱ्यावर उभे होते. समोर पीक असं काहीच नव्हतं. नदीच्या वरच्या अंगाचं एकरभर रान गाळाखाली सपाट झालेलं, वाळून भेगाळलेलं. उरलेलं दोन एकर म्हणजे नुसता पिवळा मुरूम, दगडगोटे आणि ओघळी.

"खूण काय दाखवता, बाबा?" मॅडमनी विचारलं.

पंजाबराव गाळावर उतरले. धुऱ्यापासून त्यांनी पावलं मोजली, एका जागी थांबले आणि कुदळीने अलगद गाळ सोलायला लागले, जसा पोळ्याला बैलाच्या अंगावरचा वाळका चिखल काढावा तसा. हातभर खाली काळी काडी लागली. मग सुभद्राबाई बसल्या आणि दोघांनी हातांनी उकरलं. पऱ्हाटीचं अख्खं झाड आडवं निजलेलं निघालं, पानं कुजलेली, पण बोंडं फांदीला तशीच, काळी पडलेली. दीड हातावर दुसरं. त्याच्यापुढे तिसरं. गाळाखाली अख्खं तास सरळ रेषेत निजलेलं होतं.

"पाह्यता काय मॅडम, सूत लावून घ्या," गजेंद्र म्हणाला. "म्हाताऱ्याचं तास मेल्यावरबी वाकडं होत नाई."

कोणी हसलं नाही. गजेंद्रही नाही. त्याने पुढे होऊन कागदावर सही केली आणि बोट दाखवून सांगितलं, "तिनीबी एकर पऱ्हाटी होती. लिहा, म्या डोयानं पाह्यली. दर आठव्या तासाले तूर."

मॅडमनी उकरलेल्या झाडांचे फोटो काढले. मग त्या मुरमाकडे वळल्या. पंजाबराव तिकडेही गेले, कुदळ मारली. खण् असा दगडाचा आवाज आला. दुसरीकडे मारली. सुभद्राबाई ओघळीतून वाकून वाकून चालत होत्या, एखादं मूळ, एखादी काडी दिसते का बघत. वावराच्या शेवटापर्यंत त्या गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या.

"इथं माती होती तीच गेली ना, मॅडम," गीतांजली म्हणाली. "मंग झाड कुठून निंघन?"

"मला कळतं गं," रागिणी मॅडम म्हणाल्या. "मी तीन एकरच लिहिते. शेजाऱ्याचा जबाबही जोडते. पण वर फोटो बघतात. फोटोत जे दिसतं तेवढंच धरतात."

गुरुजी मान खाली घालून उभे होते. वरच्यांनाही कोणीतरी अशीच एका दमाची व्याख्या शिकवली असणार.

*

दुसरी यादी कोजागिरी होऊन गेल्यावर लागली. गुरुजींना हाक गेली. या वेळी पंजाबराव पुढे उभे होते, गीतांजली त्यांच्या बाजूला.

"पंजाबराव सखाराम मोहोड. गट नंबर एकशे बारा," गुरुजींनी वाचलं. "कापूस, एक एकर. पात्र." आणि आवाज न बदलता, कारण बदलला असता तर पुढचं वाचता आलं नसतं, त्यांनी खालची ओळ वाचली. "उर्वरित दोन एकर, चालू पड."

"म्हंजे ज्या अंगाले गाळ बसला त्याचे देल्ले," पंजाबराव सावकाश म्हणाले, "आन् ज्या अंगाची मातीच गेली ते पड."

"हो."

"जादा गेलं त्याचं काईच नाई."

गजेंद्रच्या तोंडी एरवी काहीतरी आलं असतं. त्याने खिशातून तंबाखूची पुडी काढून म्हाताऱ्यापुढे धरली. पंजाबरावांनी ती घेतली नाही.

मदत आली ती वरच्या एकराचा गाळ काढण्यातच संपली. ट्रॅक्टरवाल्याने मुरमाच्या अंगाचा अंदाज सांगितला तेव्हा सुभद्राबाईंनी हात जोडले. गाळ काढलेल्या एकरात ओल होती. पंजाबरावांनी तिथं हरभरा पेरला. खालचं दोन एकर तसंच उघडं राहिलं.

रब्बीची पाहणी सुरू झाली तेव्हा गीतांजली मोबाइल घेऊन गुरुजींकडे आली. "गुरुजी, संगं चाला. मले एकटीले भरायचं भेव वाटते."

ती, गुरुजी आणि पंजाबराव, तिघं वावरात गेली. पेरून चारच दिवस झाले होते. जमिनीवर हिरवं काही नव्हतं. गीतांजली वरच्या एकरात उभी राहिली आणि गुरुजींकडे बघू लागली.

गुरुजींनी पिशवीतून तिची वही काढली, ते पान उघडलं आणि लाल पेनाने आपलं वाक्य खोडलं. खाली लिहिलं: 'ज्या शेतात या हंगामात पेरणीच केली नाही, त्यास पड म्हणतात.' मग म्हणाले, "वाच, आणि सांग. इथं काय भरायचं?"

तिने वाचलं. समोरच्या उघड्या मातीकडे बघितलं. "हरभरा," ती म्हणाली आणि भरला. फोटोत नुसती काळी जमीन आली.

मग ती खालच्या अंगाला गेली. मुरमावर ऊन चकाकत होतं. "आबा," ती म्हणाली, आणि पुढचं तिला विचारवेना.

पंजाबराव धुऱ्यावर बसले होते. ते उठले. "थांब. बटन नको दाबू," म्हणाले. धोतराच्या ओच्यात पेरणीतून उरलेला मूठ-दोन मूठ हरभरा होता. त्यांनी काठी उलटी धरली आणि मुरमात टोकत, दाणा टाकत, पायाने दाबत ते निघाले. धुऱ्यापासून नदीपर्यंत. सत्तरीचा माणूस, पण तास सुतासारखं सरळ पडत होतं. तिथं ओल नव्हती, माती नव्हती. ते उगवणार नाही हे त्यांना गुरुजींपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

टोकाला पोहोचून त्यांनी पाठ सरळ केली आणि तिथूनच ओरडून विचारलं, "आता त नाई ना म्हणत त्याले पड?"

गीतांजलीने पीक निवडलं. मोबाइलने क्षेत्र विचारलं. "गुरुजी, एक तास म्हंजे किती क्षेत्र होते?"

गुरुजींनी पावलं टाकत लांबी मोजली. साठ मीटर. रुंदी दीड फूट. मांडीवर वही ठेवून दोघांनी गुणाकार केला. "सत्तावीस चौरस मीटर," गीतांजली म्हणाली आणि आकडा भरायला गेली. मोबाइल घेईना. एका आरच्या खालचा आकडा त्याला चालत नव्हता. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर.

"काय म्हणते ते?" पंजाबराव वर आले होते. त्यांना धाप लागली होती.

"कमी पडते म्हणते, आबा. शंभर पाह्यजे. सत्तावीसच झाले."

पंजाबरावांनी ओच्यात हात घालून चाचपलं. मग गुरुजींकडे वळून, वर्गात पोराने विचारावं तसं, विचारलं, "आनखी किती तास पडतीन, गुरुजी?"

गुरुजींनी वहीकडे बघायचं सोंग केलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती.

"तीन," ते म्हणाले.

पंजाबरावांनी दीड फूट बाजूला सरून काठी मुरमात टोकली.